टाकी भरली आहे

जावयाने स्वतःच्या हाताने बनवलेली डबी गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीला बसवली, तेव्हा सासरे शेजारी हाताची घडी घालून उभे होते. तीस वर्षं हेडमास्तर म्हणून काढलेला माणूस. उत्तरपत्रिका तपासावी तशी त्यांची नजर डबीवरून फिरत होती.

"टाकी रिकामी झाली की ही पंप चालू करणार आणि फोनवर मेसेज पाठवणार," जावई म्हणाला. "टाकी भरली की हा गोळा पाण्याबरोबर वर येणार, ही पंप बंद करणार, पुन्हा मेसेज. आत नखाएवढी चिप आहे, सगळं वायफायवर. तुम्ही फक्त आराम करायचा, बाबा."

"आणि पंपाचं बटण कुठे गेलं?"

"काढून टाकलं. आता त्याची गरजच काय?"

आठ दिवस सगळं सुरळीत चाललं. लेक आईला फोनवर रोज विचारायची, "मग? बाबा कौतुक करतात की नाही?" बाबा कौतुक करत नव्हते, पण नावंही ठेवत नव्हते. त्यांच्या बाबतीत हे पहिल्या श्रेणीत पास होण्यासारखंच होतं.

नवव्या दिवशी सकाळी सासूबाईंना उशांचे अभ्रे शिवायचे होते. शिवणयंत्रासाठी कोपऱ्यातला एक प्लग त्यांनी काढून बाजूला ठेवला. तो वायफायच्या राउटरचा होता. इकडे यंत्राची खडखड सुरू झाली आणि तिकडे टाकी रिकामी झाल्यामुळे पंपाची घरघर.

अर्ध्या तासाने सासरे गच्चीवर धावले आणि तिथूनच त्यांनी जावयाला ऑफिसात फोन लावला.

"जावईबापू, टाकी वाहतेय."

"शक्य नाही, बाबा. मला मेसेज आलेला नाही."

"मेसेजचं काय घेऊन बसलात? पाणी आलंय!"

"अहो, मेसेज नाही म्हणजे टाकी भरलेलीच नाही."

"मी घोट्यापर्यंत पाण्यात उभा आहे! माझी एक चप्पल पोहत कठड्यापर्यंत गेलीय!"

एवढ्यात तळमजल्यावरून एक जोरदार किंकाळी ऐकू आली. तिथे दाताच्या डॉक्टरांचा दवाखाना होता. गच्चीवरचं पाणी खाली नेणारा पाइप नेमका त्यांच्या खिडकीसमोर तुटलेला होता. किंकाळीमागून काहीतरी खळ्ळकन पडल्याचा आवाज आला आणि मग सगळं चिडीचूप झालं. सासऱ्यांना किंकाळीपेक्षा त्या शांततेचीच जास्त धास्ती वाटली.

"मेन स्विच पाडा!" जावई आता फोनवर ओरडत होता.

मेन स्विच मीटरच्या कपाटात होता आणि कपाटाला कुलूप होतं. सासरे जुडग्यातली सातवी किल्ली लावून बघत असताना सासूबाईंचा शेवटचा अभ्रा शिवून झाला. बाजूला ठेवलेला प्लग त्यांनी आठवणीने पुन्हा लावला. दोन मिनिटांत पंप गपकन थांबला आणि सासऱ्यांच्या फोनवर लागोपाठ दोन मेसेज आले. "पंप चालू झाला आहे." "टाकी भरली आहे."

"कळवल्याबद्दल आभारी आहे," सासरे फोनकडे बघून म्हणाले.

दुपारी जावई अर्धी रजा टाकून लॅपटॉपसह हजर झाला. स्वतःचाच प्रोग्राम वाचता वाचता त्याचे कान लाल झाले.

"पंप चालू केल्यावर डबी मेसेज पाठवायला गेली, बाबा. वायफाय नव्हतं. आणि वायफाय मिळेपर्यंत जागचं हलायचं नाही, असं मीच लिहून ठेवलंय. म्हणून गोळ्याकडे बघायचं राहून गेलं."

"म्हणजे पाहुण्यांची वाट बघत दारात उभं राहायचं, आणि गॅसवरचं दूध गेलं उतू," सासूबाई म्हणाल्या.

"अगदी तसंच, आई."

"मग तिला सांगा ना, दुधापाशीच उभी राहा, अधूनमधून दाराकडे मान वळवून बघ. पाहुणे आले तर आले."

जावयाने नेमकं तेच लिहायला घेतलं. गोळ्याकडे लक्ष सतत ठेवायचं. वायफाय आलं का ते दर तीस सेकंदांनी नुसतं डोकावून बघायचं, नसेल तर ताबडतोब कामाला लागायचं. मेसेज जपून ठेवायचे आणि जमेल तेव्हा पाठवायचे. सासऱ्यांनी राउटरचा प्लग स्वतः काढला आणि खात्री पटेना म्हणून भरल्या टाकीतला गोळा तीनदा हाताने खाली दाबून सोडून पाहिला. तिन्ही वेळा पंप चालू झाला आणि गोळा वर येताच मुकाट्याने बंद झाला.

"बरं लिहिलंय," सासरे म्हणाले. जावयाच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

तेवढ्यात बेल वाजली. दारात दाताचे डॉक्टर होते. त्यांचा पांढरा कोट अजून ओलाच होता. जावई सासऱ्यांच्या मागे सरकला.

"डॉक्टर, चूक आमचीच आहे," सासऱ्यांनी सुरुवात केली.

"पाणी कुणामुळे आलं?"

सासऱ्यांनी बाजूला होऊन जावई दाखवला.

डॉक्टरांनी पुढे होऊन त्याचा हात दोन्ही हातांत घेतला. "माझा एक पेशंट तीन महिने खुर्चीत बसायचा आणि तोंड उघडायलाच तयार नसायचा. दाढ बधिर करायची तरी कशी? आज तोंडावर पाण्याचा फवारा आला आणि त्याने जो 'आ' वासला! तेवढ्यात इंजेक्शन दिलं, दहा मिनिटांत दाढ बाहेर. जाताना म्हणाला, काही कळलंसुद्धा नाही."

"पण आता असं पुन्हा होणार नाही, डॉक्टर," जावई घाईघाईने म्हणाला. "प्रोग्राम बदललाय मी."

डॉक्टरांचा चेहरा पडला. त्यांनी मागे वळून जिन्याकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"जुना पुसलात का हो? गुरुवारी त्याची बायको येतेय."