सुधारल्याचा दाखला

पोकळ टाचांचे बूट. टोकन क्रमांक सतरा. शुक्रवारपर्यंत राखून ठेवलेली पावाची गाडी. बहिणीच्या डोक्यावर हात ठेवून घेतलेली शपथ.

यातलं टोकन सोडून बाकी सगळं पुडीभाऊंचं. अमली पदार्थांच्या तस्करीत नऊ वर्षं आत काढून ते बाहेर आले होते. पुन्हा तसल्या पाकिटाला हात लावणार नाही, ही शपथ. बहीण आपल्या बेकरीची गाडी त्यांना चालवायला देणार होती; परवान्यासाठी फक्त सुधारल्याचा दाखला हवा होता.

खिडकी क्रमांक चारच्या कारकुनाने अर्ज आदराने वाचला. "आधीच्या ठिकाणचं कार्यमुक्तीचं पत्र?"

"साहेब, तस्करीत पत्र देत नाहीत."

"मग नियमानुसार तुम्ही अजून सेवेत आहात."

पुडीभाऊंनी जुन्या शेठचं दार गाठलं. शेठ आता व्यसनमुक्ती केंद्र चालवत, गिऱ्हाईक तेच. त्यांनी फाइल चाळली आणि खेदाने सांगितलं की राजीनामा कुठे दिसत नाही, नऊ वर्षांची गैरहजेरी तेवढी लागली आहे. तरी जुना माणूस म्हणून महिन्याच्या नोटिशीऐवजी एका खेपेवर भागवू. पत्र त्यांनी लगेच लिहून दिलं. पोचपावती जोडली की ते लागू.

खेपेसाठी हाती ठेवलेल्या पाकिटावर पत्ता होता : खिडकी क्रमांक चार.

पुडीभाऊ हरखले. माल थेट सरकारजमा करू, शपथही राहील! शुक्रवारी ते पाकीट हातरुमालात धरून खिडकीशी हजर झाले, कारण शपथ हाताची होती.

"साहेब, यात पावडर आहे. पंचनामा करा."

"तक्रारीला सुधारल्याचा दाखला लागतो," कारकून म्हणाला. "आणि दाखल्याला पोचपावती."

खिडकी बंद व्हायला चार मिनिटं होती. मागून टोकन क्रमांक सतराचा आवाज आला, "अहो, देऊन टाका ना ते. आमची कामं खोळंबलीत."

त्यांनी दिलं. पावती, शिक्का, दाखला, सगळं दीड मिनिटात. शाई वाळायच्या आत सुधारलेल्या पुडीभाऊंनी तक्रार केली.

"कसलं पाकीट?" पावतीवर कारकुनाने 'बिस्किटं' लिहिलं होतं. "कोणी पाहिलं?"

पुडीभाऊ मागे वळले. अख्खी रांग एकाग्रतेने छताचा पंखा बघत होती. पंखा बंद होता.

बाहेर बहिणीने दाखला वाचला, मग दादाचं तोंड वाचलं आणि गाडीची किल्ली पर्समध्ये परत टाकली.

टोकन क्रमांक सतरा त्या दिवशी सकाळी अकरा वाजता तुम्ही घेतलं होतं.