निसर्गदत्त हातमोजे

माणसाला कातडी दिली आहे ती त्याच्या स्वतःच्या संरक्षणासाठी, या सत्याशी आजवर एकाही कारखान्याने वाद घातलेला नाही.

ऐंशीच्या दशकात बोईसरच्या एका रंगाच्या कारखान्यात रामकिसनसाहेब सुरक्षा अधिकारी झाले. (खुर्ची जुनीच होती, पाटी नवी लागली.) आठवडाभरातच मनोरकडच्या पाड्यावरची सोमी रंगाने जांभळे झालेले हात घेऊन दारात उभी.

"साहेब, रबरी मोजं द्या ना. हात कडू लागतो. माजी पोर तानी माज्या हातचा घास थुकते."

साहेबांचा जीव कळवळला. नाही म्हणणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं, म्हणून त्यांनी कारखान्याच्या डॉक्टरांकडून एक जाडजूड पुस्तक मागवलं. त्यात लिहिलं होतं की कातडीच्या पेशी खालच्या थरात जन्मतात, अंगात केराटिन नावाचं चिवट प्रथिन भरून घेत वर सरकतात आणि पृष्ठभागावर पोचेपर्यंत मरतात. नखं, केस, गाईची शिंगं, सगळा माल एकच. जिथे घासलं जातं तिथे हा थर आणखी जाड होतो.

झालं! दुसऱ्याच दिवशी फळ्यावर परिपत्रक लागलं. प्रत्येक कामगार जन्मतःच हातमोजे घालून येतो, आणि काम जितकं जास्त तितके ते मोजे मजबूत होतात. शिवाय वरचा थर मेलेला असल्याने त्याला इजा संभवत नाही. (मयताला दुखापत झाल्याची नोंद कुठल्या रजिस्टरात करणार?) तरीही कोणावर अन्याय नको म्हणून टाचणीची चाचणी ठेवण्यात आली. तळहाताला टाचणी टोचताच जो ओरडेल, त्याला मोजे.

साहेब टाचणी बघूनच ओरडले. त्यांना दोन जोड मिळाले. सोमी मात्र हूं की चूं नाही.

"अगं बये, वरडायचं नाय का?" शेजारच्या यंत्रावरची हंसा करवादली.

"विळा लागला तवा नाय वरडले, टाचणीला काय वरडू? लाज वाटते," सोमी म्हणाली. आणि मोजे गेले.

पुढे ती आवणीला घरी गेली. महिनाभर चिखलात भाताची रोपं लावून तिच्या हातांच्या साली निघाल्या, खालून कोवळी गुलाबी कातडी आली. परतल्यावर तिने स्वतःहून हात पुढे केला. या वेळी अशी किंचाळली, की पुढच्या उमरोळी स्टेशनच्या फलाटावरचे कावळे उडाले असावेत. साहेबांनी कौतुकाने मोजे तिच्या हातात ठेवले.

मग त्यांना नियम आठवला. मोजे फक्त कामगारांसाठी, आणि इतका नाजूक हात कामगाराचा असूच शकत नाही. तेव्हा हजेरीपटावरून तिचं नाव कमी करून मोजे रीतसर परत घेण्यात आले. इतकी स्वच्छ कारवाई पाहून डॉक्टरांचेही डोळे पाणावले.

सोमीने एकदा हाताचा वास घेतला. "चला, आता तानी खाईल माज्या हातानं," म्हणाली आणि गेली.

(काय खाईल, हा प्रश्न सुरक्षा विभागाच्या कक्षेत येत नाही.)

त्या कारखान्याचा रंग आजही पक्का म्हणून नावाजला जातो. आपल्या अंगावरच्या जांभळ्या कपड्याला घासून पाहा, हाताला लागणार नाही. आणि एक सांगा, हे वाचताना मध्येच कुठे तोंडून आवाज निघाला का? नाही ना? मग अभिनंदन. आपल्यालाही मोजे मिळणार नाहीत.