प्रस्थानाची बॅग

परदेशातून कुणी घरी आलं की माणसं आधी तब्येत विचारतात, प्रवासाचं विचारतात. आमच्या सोसायटीच्या तळमजल्यावरचे पानसेअण्णा दारातच विचारतात, "आलास? निघणार कधी?"

पहिल्यांदा ऐकणाऱ्याला राग येतो. महिनाभर राहायला आलेल्या माझ्या जाऊबाईंना तर इतका आला होता की त्या सबंध मुक्कामात जिन्याने मान वळवून जात. अण्णांच्या ते लक्षातच आलं नाही. पुढच्या खेपेला त्यांनी जाऊबाईंना पुन्हा हेच विचारलं, आणि त्या तर सोलापूरहून दोन दिवसांसाठी आल्या होत्या.

स्वारगेटकडून कात्रजकडे जाताना डाव्या हाताला आमची सोसायटी. एकेका घरातलं एकेक पोर कॉम्प्युटर शिकलं आणि उडालं. पोरं उडाली तरी आयांचे मुहूर्त सुटले नाहीत. निघायचा दिवस वाईट असेल, तर त्याआधीच्या चांगल्या दिवशी बॅग भरून शेजाऱ्याकडे नेऊन ठेवायची, याला प्रस्थान ठेवणं म्हणतात. बॅग उंबऱ्याबाहेर गेली की प्रवास सुरू झाला. मग माणूस घरात बसून श्रीखंडपुरी का ओरपत असेना, तो निघालेलाच. एकच अट, बॅग परत घरात आणायची नाही.

ही सगळी प्रस्थानं अण्णांकडे. तळमजला, जिने नाहीत आणि घरात एकटा माणूस. काकू जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. आयुष्यभर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवलेला हा गृहस्थ बॅग आत घेताना दर वेळी एकच वाक्य म्हणायचा, "मुहूर्तावर माझा काडीचा विश्वास नाही. खिडकीखाली ठेवा. लोणचं असेल तर आत्ताच सांगा."

या अण्णांची खरी उंची आम्हाला कळली ती मंदारच्या अर्जापायी. मंदार माझा मुलगा, कॅनडात असतो. त्याने तिथल्या नागरिकत्वासाठी अर्ज केला. गेल्या काही वर्षांत त्या देशाबाहेर केव्हा केव्हा होता, त्याच्या तारखा त्यात भरायच्या असतात. पासपोर्टावर शिक्क्यावर शिक्का बसलेला, तिकिटं कधीच टाकून दिलेली. त्याने फोन करून मला विचारलं. मी ठामपणे सांगितलं. आई सांगतेय म्हटल्यावर त्यानेही ठामपणे लिहिलं, आणि अर्ज परत आला. एका खेपेची इथून निघाल्याची तारीख त्यांच्या नोंदींशी जुळत नव्हती. पुन्हा चूक झाली तर आपल्यालाच खोटं ठरवतील, या धास्तीने पोराची झोप उडाली. त्याची उडाली म्हणून माझी.

ह्यांनी जुनी कागदपत्रं उपसली. त्यात मंदारचं पाचवीचं प्रगतिपुस्तक सापडलं, तारीख काही सापडली नाही. शेवटी मी खाली जाऊन अण्णांसमोर बसले आणि म्हणाले की मंदार त्या खेपेला अनंत चतुर्दशीला निघाला, हे मला पक्कं आठवतंय.

"निघाली ती बॅग, वहिनी," अण्णा शांतपणे म्हणाले. "मंदार नव्हे."

मग त्यांनी डोळे मिटले आणि मला समोर दिसावं तसं सांगितलं. पुढे पितृपक्ष, म्हणून मी चतुर्दशीच्या सकाळी बॅग आणून ठेवली. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत विसर्जनाची मिरवणूक संपत नव्हती, तेव्हा मंदार चार्जर टाकायला आला आणि अण्णांबरोबर टीव्हीवर मिरवणूक पाहत बसला. तिसऱ्या दिवशी मोजे टाकायला आला, चहा घेतला, साखर जास्त झाली म्हणाला. त्याच संध्याकाळी मुंबईची गाडी आली. "विमान मध्यरात्रीनंतरचं. म्हणजे चौथा दिवस लिहा. भर पितृपक्षात गेलाय तुमचा मुलगा, आणि उत्तम पोचलाय."

मी थक्क झाले. आम्ही जन्म दिलेल्या मुलाची तारीख आम्हाला येत नव्हती, आणि हा माणूस त्याच्या मोज्यांसकट सांगत होता. मग बाकीच्या खेपाही विचारून घेतल्या. कुठल्या खेपेला गोडा मसाला फुटून खोलीला किती दिवस वास येत होता, तेही कळलं. मंदारने त्यांच्या सांगण्याबरहुकूम अर्ज भरला आणि या खेपेला तो मंजूर झाला.

मी पेढे घेऊन खाली गेले. म्हटलं, अण्णा, हे सगळं तुमच्या लक्षात राहतं तरी कसं?

"बॅग इथे असली की पोरं येतात," ते म्हणाले. "काही ना काही राहिलेलं असतं आणि बॅग परत न्यायची नसते, त्यामुळे इथेच यावं लागतं. बसतात, बोलतात. माझ्याकडे दुसरं येतं कोण, की मी विसरावं?"

तुम्हाला काय देऊ, असं काहीतरी मी पुटपुटले. अण्णांनी पेढा अर्धा मोडला.

"पुढच्या वेळी मुहूर्त जरा आधीचा काढा. चार दिवस राहू दे बॅग."

यंदा मंदार आला तो सुट्टी मोजून नाही. नागरिकत्व मिळालं होतं, आता कॅनडाबाहेरचे दिवस मोजायचे नव्हते. तो आंघोळ करून जेवला, आणि त्याच संध्याकाळी आम्ही एक बॅग उचलून खाली नेली. पंचांग पाहिलं नाही. बॅगेत दोन टॉवेल होते आणि बाकी सगळं भरायचं राहिलं होतं.

अण्णांनी दार उघडलं. आधी बॅगेकडे पाहिलं, मग मंदारकडे.

"आलास?" एवढंच म्हणाले, आणि चहाचं आधण ठेवायला आत गेले.