मी नळाला हात लावलेला नव्हता!

आधीच ठणकावून सांगतो. लंबूच्या घरात जो पूर आला, तो माझ्यामुळे नाही! मी नळाला हात लावलेला नव्हता!

लंबू माझा शाळेपासूनचा दोस्त. परदेशात स्थायिक झालाय. कित्येक वर्षं बोलावत होता. या हिवाळ्याच्या सुट्टीत म्हटलं, आता जायचंच! पण बायकोनं अट घातली.

"तिकडे नळ, पाईप, कश्शाला हात लावायचा नाही. लावलात, तर पुढच्या सुट्टीत निमूट माझ्या भावाकडे यायचं!"

तिचंही बरोबर आहे म्हणा. नळदुरुस्ती हा माझा धंदा. एकदा दवाखान्यात सलाईन लावलेल्या अवस्थेत मी बेसिनचा नळ उघडून बसलो होतो. पण शिक्षा काय, तर मेहुणा? हा गृहस्थ पाहुण्याला सोफ्यावर बसवून आपल्या मूतखड्याची कथा सांगतो. खडा डबीत जपून ठेवलाय. हातात देतो!

"कबूल!" मी म्हणालो. "बोटसुद्धा लावणार नाही!" आणि पाना गुपचूप स्वेटरमध्ये गुंडाळून सामानात टाकला. नुसता सोबतीला.

लंबूचं घर झकास. बाहेर हाडं वाजतील अशी थंडी, आत ऊब. पण स्वयंपाकघरात नळ ठिबकतोय! बाथरूममध्येही ठिबकतोय! टप्... टप्... टप्! लंबू आणि वहिनी खुशाल हसतखिदळत चहा पिताहेत. माझी बोटं शिवशिवायला लागली. मी हातमोजे चढवले.

"भावजी, घरातसुद्धा थंडी वाजतेय का?" वहिनींनी विचारलं.

"हो, जरा," मी म्हणालो. बायको माझ्याकडे पोलिसासारखी बघत होती.

रात्रभर कानांत कापूस घालून झोपलो. सकाळी उठतो तर बाथरूममध्ये पाण्याचा थेंब नाही!

"बाथरूमचा नळ बंद कुणी केला?" लंबू ओरडला. "अरे, आम्ही थंडीत मुद्दाम नळ थोडे सोडून ठेवतो! पाणी वाहतं राहिलं की पाईपात गोठत नाही!"

सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या.

"शपथ घेतो, मी नाही!"

"लेका, मग काय भुतानं केला?"

"वाटलंच होतं मला!" बायको कडाडली. "घरून निघताना बजावलं होतं!"

"अगं, पण मी खरंच..."

लंबूनं हीटर आणून पाईपाला शेक द्यायला घेतला. बर्फ वितळला आणि गोठून तडकलेला पाईप फुटला! कारंजं थेट छताला! लंबू नखशिखांत भिजला, वहिनी बादल्या घेऊन धावल्या, बैठकीतल्या गालिच्यावर आमच्या चपला तरंगायला लागल्या!

आता सांगा, माझ्यासारख्यानं हाताची घडी घालून बघत बसायचं? बायकोसमोर बॅग उपडी केली, पाना काढला, आधी मेन कॉक बंद केला. लंबूच्या अडगळीतून रबराची पट्टी नि दोन क्लिपा शोधल्या, पट्टी पाईपाला गुंडाळली, वर क्लिपा आवळल्या. कॉक उघडला. गळती खलास!

"मानलं तुला!" लंबू कुडकुडत म्हणाला. "पण मुळात बंद कशाला केलास रे?"

परत तेच! पुढचे सगळे दिवस मी त्या घरात चोरासारखा वावरलो.

परतीच्या विमानात पट्टा बांधता बांधता बायको हळूच म्हणाली, "ऐका ना. तो नळ मी बंद केला होता. तुमच्याबरोबर राहून राहून मलाही तो आवाज सहन होत नाही हो!"

मी उडालोच! "म्हणजे मी निर्दोष! अट मी पाळली! मेहुणा रद्द!"

"असं कसं? पाईप कुणी दुरुस्त केला? हात लागलाच ना?"

"लागला! आणि अजून शंभर वेळा लावीन!"

"मग झालं तर," असं म्हणून ती शांतपणे झोपली.

तर सध्या मी मेहुण्याच्या सोफ्यावर आहे. मान ताठ आहे. आत मोरीतला नळ ठिबकतोय. बायकोनं दोनदा सांगितलं, "अहो, बघा ना जरा!"

"मुळीच नाही!" मी बाणेदारपणे म्हणालो. "शब्द म्हणजे शब्द! आता जन्मात नळाला हात लावणार नाही!"

"वा, भावोजी!" मेहुणा खूश होऊन सरसावून बसला. "मग निवांत बसा. यंदा दुसराही पडलाय. थांबा, डबी आणतो."

अगं ए, माझा पाना कुठे ठेवलास?