नाना परबांच्या तीन आघाड्या

आमच्या मुलुंडच्या सोसायटीत गजर लावावा लागत नाही. सकाळी सहाला दुसऱ्या मजल्यावरचे नाना परब गॅलरीत उभे राहून गाऱ्हाणं घालतात, आणि ते ठाण्यापर्यंत ऐकू जातं.

"बा देवा म्हाराजा, कबुतरांचो, वरच्या कुंड्यांचो आणि त्या सेक्रेटरीचो आज बंदोबस्त कर रे म्हाराजा."

गावी अशा वेळी सगळे गावकरी 'व्हय म्हाराजा' म्हणतात. इथे तेही नानाच म्हणतात. सेक्रेटरी म्हणजे मी. देवाच्या कानावर रोज नाव जाणारा आमच्या घराण्यातला मी पहिलाच.

नाना गिरणीतले. गिरणी गेली, पण संप त्यांच्या अंगातून गेला नाही. कबुतरांना घाबरवायला त्यांनी रबरी साप टांगला. कबुतरांनी त्याच्याच वेटोळ्यात घरटं केलं. नाना म्हणाले, "शत्रू शिकलेलो दिसता."

वरच्या मजल्यावर कोकिळाबेन. त्यांच्या कुंड्यांचं पाणी नानांनी गॅलरीत वाळत घातलेल्या सोड्यांवर पडतं, आणि त्या सुक्या कोळंबीचा वास थेट कोकिळाबेनच्या देवघरात जातो. तिसरी आघाडी खालच्या बाकाची. तो काढून तिथे स्कूटर लावायचं कमिटीच्या मनात आलं, त्या दिवसापासून नाना बाकावरच पेपर वाचतात, चहा पितात आणि मला बघून खाकरतात.

दर रविवारी बंगलोरहून नानांच्या झिलाचा, म्हणजे मुलाचा, फोन. "बाबा, एकटे किती दिवस राहणार? या ना इकडे."

"तीन आघाड्यो उघड्यो टाकून येव? माका पळपुटो समजलस?"

शेवटी विलास स्वतःच आला. पोरगा गुणी. त्याने दोन दिवसांत युद्धच संपवलं. गॅलरीला जाळी बसवली, कोकिळाबेनच्या कुंड्यांखाली ताटल्या ठेवल्या, आणि माझ्याशी इतकं गोड बोलला की मीही म्हटलं, "बाक राहू दे यार."

दुसऱ्या दिवशी गाऱ्हाणं नाही. अर्धी सोसायटी कामाला उशिरा पोचली. खाली येऊन बघतो तर नाना इस्त्रीचा शर्ट घालून बाकावर.

"नाना, तब्येत बरी ना?"

"जिंकलंय मी," ते म्हणाले. "तीनय आघाड्यांवर." मग बाकाच्या फळीवरून हात फिरवत बसले. "विलासान माझी बॅग भरल्यान. आता त्याका काय सांगू रे?"

मी सोसायटीच्या ऑफिसात गेलो आणि सेक्रेटरीच्या पूर्ण अधिकारात नोटीस खरडली: बाक हटवण्यात येत आहे, हरकती असल्यास लेखी द्याव्यात. फळ्यावर लावून वळतो न वळतो तोच जिन्यात तोफ धडाडली, "विलास, बॅग उघड. सेक्रेटरी उलाटलो."

वर काहीतरी खणखणलं. कोकिळाबेन कुंड्यांखालच्या ताटल्या गोळा करत होत्या.

विलास एकटाच परत गेला. त्या संध्याकाळी नाना सात फुलस्केप पानांची हरकत घेऊन ऑफिसात आले. माझ्या नालायकपणावरच त्यातली पाच. टेबलावर आपटली, पोच घेतली, दारापर्यंत गेले आणि तिथून, माझ्याकडे न बघता, मी कधीच न ऐकलेल्या आवाजात म्हणाले,

"सुनावणीची घाई करू नको हां, झिला."