‘पी’ सायलेंट

सासूबाईंना न्यूमोनिया झाला, तेव्हा अख्ख्या सोसायटीने तब्येतीची चौकशी केली. बागुलकाकांनी स्पेलिंगची केली. हातात शहाळं घेऊन दारात उभे. “वहिनी, सुरुवातीला पी आहे, ठाऊक आहे ना? पण तो सायलेंट!” सासूबाईंना धड श्वास घेता येत नव्हता. त्या बिचाऱ्या कुठला पी उच्चारणार होत्या!

नाशिक रोडला आमच्या समोरच्याच फ्लॅटमध्ये हे रत्न राहतं. सरकारी नोकरीतून निवृत्त झाल्यावर लोक गुडघे धरून बसतात, हे डिक्शनरी धरून बसले. त्यातही साधे शब्द यांना चालत नाहीत. एकदा मला जिन्यात गाठून ‘टार्मिगन’ शिकवला. बर्फातला कुठलासा पक्षी म्हणे. त्यालाही सुरुवातीला पी, तोही सायलेंट. मी म्हटलं, “बरं झालं सांगितलंत. गोदाकाठी दिसला तर नीट हाक मारीन.” टोमणा कळेल तर ते काका कसले! “शाब्बास!” म्हणाले, आणि वर त्यांचं ठरलेलं वाक्य, “उच्चार चुकला की अर्थ गेला!”

भाचीच्या लग्नाची पैठणी घ्यायला येवल्याला गेलो, तर बागुलकाकी आल्या म्हणून काकाही आले. दुकानदाराने साडी उलगडली. “ही बघा ताई, राणी कलर.” झालं! “राणी काय? फ्यूशा म्हणा. स्पेलिंगमध्ये सी-एच आहे, पण वाचायचं फ्यूशा.” दुकानदाराने हात जोडले. “काका, असा रंग सांगितला तर माझा विणकर माग सोडून पळेल.” काकी गालात हसत म्हणाल्या, “आम्हाला राणीच दाखवा हो.”

काकींना बीपीचा त्रास. बीपी मोजायच्या मशिनला काका रोज सकाळी ‘स्फिग्मोमॅनोमीटर’ म्हणायचे. काकी म्हणायच्या, “ते फुगवायचं आणा मुकाट्याने. त्याचं नाव घेऊन होईपर्यंत माझं बीपी वाढतंय.”

आणि ते खरंच वाढलं. गेल्या उन्हाळ्यात काकींना झटका आला. हातपाय वाचले, पण बोलताना शब्द सापडेनात. भलत्याच वस्तूला भलतंच नाव. डॉक्टर म्हणाले, “अफेजिया.” मी काकांकडे पाहिलं. आता डॉक्टरांची शिकवणी! पण काकांनी एवढंच विचारलं, “परत बोलेल ना हो ती?”

“बोलतं ठेवा त्यांना. चुका मात्र काढू नका. काढल्यात, तर बोलायचंच सोडून देतील.”

मला धडकीच भरली. चुका काढण्यावाचून ज्याला दुसरा उद्योग नाही, त्याच्या हाती हे औषध! काकी कायमच्या गप्प होणार, असंच मी धरून चालले.

परवा डबा घेऊन गेले. मला पाहून काकींचा चेहरा उजळला. स्वयंपाकघराकडे बघत त्या मोठ्या कष्टाने म्हणाल्या, “हिला... रिक्षा... द्या.”

“अहो काकी, समोर तर राहते मी! रिक्षा कशाला?”

त्यांचा चेहरा उतरला. ओठ घट्ट मिटले. काय चुकलं ते मला कळेना.

तेवढ्यात काका दुधाचं पातेलं हातात घेऊन तरातरा बाहेर आले. “बरोबर बोलली ती,” माझ्यावर डोळे वटारून म्हणाले. “आमच्याकडे चहाला रिक्षाच म्हणतात.” मग काकींपुढे वाकले. आवाज एकदम मऊ. “आलं घालून करू ना गं रिक्षा?”

“आलं... घालून,” काकी म्हणाल्या, आणि हसल्या.

काका माझ्याकडे वळले. “आणि तुला?”

“काका,” मी म्हटलं, “माझ्या रिक्षात साखर जरा कमी.”