रोजंदारीवरचा मोर्चा

मोर्चाची वेळ झाली आणि बेकारांचा पत्ता नाही. बी. ए. होऊन सहा वर्षं नोकरीची वाट बघणाऱ्या बाळासोनं कोल्हापुरातल्या झाडून सगळ्या बेकारांना निरोप धाडला होता. पण नेमकी त्याच दिवशी खासबागेत मोठी कुस्ती. नोकरी काय, उद्याही मिळणार नव्हती. सकाळपासूनच सगळे मैदानात जागा धरायला गेले.

बाळासो पेटला. मोर्चा निघणार म्हणजे निघणार. त्यानं सायकल गहाण टाकली आणि चौकात कामासाठी उभ्या राहणाऱ्या मजुरांना गाठलं.

"काय वाहायचं हाय? इटा का वाळू?" त्यांची म्होरकी धोंडुबाई म्हणाली.

"काय न्हाय मावशी. नुसतं चालायचं आनि वरडायचं, नोकरी द्या म्हनून."

"आर्धा दिस का पुरा?"

"आर्धा."

मोर्चा सेवायोजन कचेरीवर धडकला. घोषणांनी खिडक्या हादरल्या, पण साहेब काही बाहेर येईनात. दुपार झाली तशी धोंडुबाई गप्प झाली.

"आर्धा दिस भरला. फुडं वरडायचं तर पुरी मजुरी."

"कुठनं देऊ मावशी? सायकलीच्या पैशात आर्धाच दिस बसतोय. मी बी बेकारच हाय की."

"मग कशाला लावलास कामाला?" असं म्हणून तिनं घोषणाच बदलली. "बाळासोनं पुरी मजुरी दिलीच पायजे!" आता कुठं मोर्चाला जोर चढला.

साहेब धावत बाहेर आले. "मालक कोण?"

सगळी बोटं बाळासोकडं वळली.

"तुम्ही माणसं कामाला लावता? मग बेकार कसले? नोंदीतून नाव कमी करतो."

सहा वर्षं धरून ठेवलेला नंबर गेला, तर पुन्हा सगळ्यांच्या मागं उभं राहायचं, आणि तोवर नोकरीचं वय उलटून जायचं. बाळासो साहेबांपुढं हात जोडू लागला.

धोंडुबाई तापलेली होती खरी, पण पोरगं रडकुंडीला आलेलं तिला बघवेना. तिनं कचेरीच्या दारातच फतकल मारली.

"मालक म्हनताय न्हवं? मग ह्याला आत्ताच्या आत्ता नोकरी द्या, म्हंजे आमची मजुरी भागंल."

"नोकरी काय माझ्या खिशात आहे?"

"न्हाय न्हवं? मग बेकारच की त्यो. ऱ्हाऊ द्या नाव."

बाकीच्या बायाही दारात बसल्या. साहेब बाहेर आणि त्यांचा जेवणाचा डबा आतच अडकला. तासाभरानं साहेबांनी हात टेकले आणि नाव कायम राहिलं.

गड्यांनी बाळासोला खांद्यावर घेतलं. वाटेत एका पानवाल्यानं विचारलं, "काय वो मावशी, नोकरी लागली काय पावण्याला?"

"न्हाय," धोंडुबाई ताठ मानेनं म्हणाली. "बेकार हाय त्यो. भांडून ठिवलाय आमी."